‘व्हायरल’चा पूर्वपक्ष

लहान वेबसाइट सुरू केली की पहिला सल्ला हमखास मिळतो : जाहिरातीवर दमडी खर्चू नकोस, एखादी भन्नाट कल्पना लढव, व्हायरल झाली की काम झालं. सल्ला देणारे अडाणी नसतात. त्यांच्यापाशी दाखले असतात आणि ते खरेही असतात. म्हणून खंडनाआधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीनिशी ऐकून घ्यायला हवा.

पहिला दाखला हॉटमेलचा. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ही सेवा सुरू केली. तिथून निघणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप जायची, की अशी फुकट ई-मेल तुम्हालाही मिळेल. १९९७ सरता सरता मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतलं, तेव्हा सदस्य ८० लाखांच्या पुढे गेले होते. दुसरा दाखला ॲलेक्स ट्यू या इंग्रज पोराचा. कॉलेजचा खर्च भागवायला त्याने ऑगस्ट २००५ मध्ये एक पान काढलं, त्याचे दहा लाख ठिपके पाडले आणि ठिपक्याला एक डॉलर असा भाव लावला. पाच महिन्यांत सगळे खपले. शेवटचे हजार ठिपके तर लिलावात ३८,१०० डॉलरला गेले. आता यावर काय बोलणार?

बरंच बोलता येतं. हॉटमेलच्या पाठीशी गुंतवणूकदारांचे तीन लाख डॉलर होते, आणि ती तळाची ओळ घालायचा आग्रहसुद्धा त्यांच्यापैकीच एकाचा, टिम ड्रेपर यांचा. शिवाय ई-मेल ही चीजच अशी की ती वापरायची म्हणजे दुसऱ्याला पाठवायची. तिथे वापर हाच प्रचार. देवगडच्या आंबा बागायतदाराच्या वेबसाइटला हे कसं लागू व्हावं? आंबा खाणारा माणूस फोडीगणिक दहा जणांना पत्र लिहीत नाही. ट्यूचं म्हणाल, तर त्याची पहिली गिऱ्हाइकं मित्र आणि घरचे लोक. त्यातून हजार डॉलर जमल्यावर त्याने प्रसिद्धिपत्रक काढलं, बीबीसीने बातमी केली आणि मग जाहिरातदारांची रीघ लागली. त्या लोकांना ठिपक्यांपेक्षा बातमीत जागा हवी होती, आणि अशी बातमी एकदाच होते. नकला पुढे ढिगाने निघाल्या. त्यातलं एक तरी नाव आठवतं का पाहा.

नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर दोन दृष्टान्तांनी व्याप्ती, म्हणजे बिनअपवाद नियम, सिद्ध होत नाही. व्यभिचाराची, म्हणजे कल्पना भन्नाट असूनही बुडालेल्यांची, मोजदाद कुणी ठेवलेलीच नाही.

माझा पक्ष असा की लहान वेबसाइटला गर्दी नकोच असते. ज्याच्या बागेत दोनशे पेट्या निघतात, त्याच्या दारात दोन लाख माणसं आली तर तो करणार काय? त्याला हवा आहे तो मार्चअखेरीस गूगलवर विचारणारा माणूस : देवगड आणि रत्नागिरी हापूसमध्ये फरक काय? कर्नाटकी आंबा हापूस म्हणून गळ्यात मारतात, तो ओळखायचा कसा? कच्ची पेटी आली तर पेंढ्यात किती दिवस ठेवायची? कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गिऱ्हाइकाला उपयोग काय? ही उत्तरं बागायतदाराच्या जिभेवर असतात. ती लिहून काढायला पैसे पडत नाहीत, चार संध्याकाळी मात्र जातात.

इथे मराठीचं एक जुनं दुखणं आड येतं. युनिकोड रुळण्याआधी आपल्या कितीतरी वेबसाइटी शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांत होत्या. पडद्यावर ठसठशीत मराठी, आत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. शोधयंत्राला त्यात ओ की ठो कळत नसे. युनिकोडने ती अडचण संपवली, तर आता आपण दर, जात, पत्ता, घरपोचची माहिती, सगळं एका रंगीत चित्रात कोंबतो आणि व्हॉट्सॲपवर फिरवतो. त्यातलं ‘हापूस’ तीन इंच उंचीचं असलं, तरी चित्रातली अक्षरं शोधयंत्राच्या हाती लागतीलच याचा भरवसा नाही. हेच साध्या मजकुरात, पानाला नीट शीर्षक देऊन लिहिलं तर बिनपैशाचा निम्मा प्रचार तिथेच उरकला.

उरलेला निम्मा दुसऱ्यांच्या तोंडून व्हायचा असतो. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभं केलं ते विद्वानांच्या एका सवयीवर : ज्या ग्रंथाचे दाखले इतर वजनदार ग्रंथ देतात, तो वजनदार. एखाद्या पाककृतीच्या वेबसाइटने आमरसाच्या कृतीखाली बागेच्या पानाचा दुवा दिला तर तो असा दाखलाच ठरतो. थोडक्या पैशांत हजार दुवे लावून देतो म्हणणाऱ्यांच्या ई-मेल प्रत्येक वेबसाइटवाल्याला येतात. त्या सरळ कचऱ्यात टाकाव्यात. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने अशा बनावट दुव्यांवर बडगा उगारला आणि अनेकजण शोधाच्या यादीत तळाला गेले.

प्रतिपक्ष म्हणेल, इतका खटाटोप कशाला, फेसबुक फुकट आहे की. आहे, दुसऱ्याच्या ओसरीवर बसायलाही पैसे पडत नाहीत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. टिकटॉक भारतात जून २०२० मध्ये एका आदेशासरशी गेलं. फेसबुकनेही जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की यापुढे पानांपेक्षा मित्र-नातलगांच्या मजकुराला आधी जागा मिळेल. ओसरीवर जरूर बसावं, पण गिऱ्हाइकांचे पत्ते आपल्या वहीत असावेत.

एक गोष्ट प्रतिपक्षाला मोकळेपणी दिली पाहिजे. माझी वाट संथ आहे. यंदा लिहिलेलं पान यंदाच्या हंगामात उपयोगी पडेलच असं नाही, आणि ज्याला या मे महिन्यातच आंबा खपवायचा आहे त्याने थोडे पैसे टाकून जाहिरात द्यावी, त्यात कमीपणा काही नाही. मात्र माल पाठवताना त्याच पेटीत पेंढ्यावर एक चिठ्ठी ठेवावी : आंबा कधी पिकेल, कसा ठेवावा, आणि खाली वेबसाइटचा पत्ता. पेटी उघडताना घरातले सगळे भोवती जमलेले असतात.