आवाजाची कृत्रिम नक्कल

एखाद्या व्यक्तीच्या बोलण्याचा किंवा गाण्याचा नमुना संगणकाला देऊन, तिने कधीच न उच्चारलेले शब्द तिच्या आवाजात तयार करण्याचे तंत्र. प्रचलित नाव ‘व्हॉइस क्लोनिंग’. कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे नैतिक व सामाजिक धोके सांगितले जातात, त्यांपैकी थेट घरात शिरणारा हा धोका आहे.

असंख्य लोकांच्या ध्वनिमुद्रणांवर घडवलेली प्रणाली नव्या नमुन्यातून आवाजाची पट्टी, लय आणि उच्चारांची धाटणी टिपते व हवा तो मजकूर त्या आवाजात बोलते. जानेवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘वॉल-ई’ या प्रणालीला 3 सेकंदांचा नमुना पुरत होता. ‘पोचले गं, तू जेवून घे’ हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप तेवढाच असतो.

फोनवरचा तोतयेपणा मात्र जुना आहे. मुंबईजवळच्या मीरा रोडमध्ये ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथले तरुण अमेरिकी धाटणीत बोलून, आपण अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी आहोत असे भासवून अमेरिकनांना धमकावत व पैसे उकळत. 700 हून अधिक जणांची चौकशी झाली. त्या धंद्याला जागा, पगार, रात्रपाळ्या आणि उच्चारांची शिकवणी लागत असे. अधिकाऱ्याचा आव आणता येई, पण समोरच्याच्या मुलाचा आवाज कोणाला काढता येत नसे. ती अडचण आता उरलेली नाही.

संध्याकाळी कुकर लावलेला असताना अनोळखी नंबरवरून फोन येतो : ‘आई, मी बोलतोय. अपघात झालाय, बाबांना सांगू नकोस, लगेच पैसे टाक.’ मराठी घरात फोनवर नाव सांगावे लागत नाही. ‘मी बोलतोय’ एवढे पुरते, कारण आवाजावरूनच माणूस ओळखला जातो. लबाड नेमका याच विश्वासावर हात टाकतो. गेलेली रक्कम एखादे वेळी परत मिळेल. पण पुढे मुलगा खरोखर अडचणीत सापडून फोन करील तेव्हा आई क्षणभर थांबेल, हे नुकसान मोठे आहे.

सार्वजनिक जीवनातही हेच घडते. महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, 19 नोव्हेंबर 2024 रोजी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले या नेत्यांच्या नावाने ध्वनिफिती पसरल्या. दोघांनीही त्या बनावट असल्याचे सांगितले आणि सत्यशोधकांच्या तपासणीतही कृत्रिम निर्मितीच्या खुणा दिसल्या. पण मतदानाला एकच रात्र उरली होती. याच्या उलट, खरी फीतही ‘बनावट आहे’ म्हणून झटकता येते.

कलावंतांना न्यायालयाने काही आधार दिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांना, तर 2025 मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. संमतीविना आवाजाची नक्कल करू देणारी साधने व्यक्तिमत्त्वाच्या हक्कावर घाला घालतात, ही न्यायालयाची भूमिका योग्यच आहे. सामान्य माणसाच्या आवाजाला मात्र बाजारभाव नाही, वकीलही नाही. त्याच्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे तोतयेगिरीविषयीचे कलम 66-ड आहे, पण ते फसवणूक झाल्यावरचे.

असा फोन आल्यास तो ठेवून आपल्याकडच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावावा. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी 1930 या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर कळवावे.