माडी, मजला, मॅन्शन

तंजावूरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय पाहून झालं की बहुतेक जण परत फिरतात. त्यांनी जरा थांबून सर्जा माडीकडे मान वर करून पाहावं. कोरीव सज्जांची ही उंच इमारत रस्त्यावरूनही दिसते. नाव ऐकून मराठी माणूस सुखावतो. माडी म्हणजे आपलीच की! पण रिक्षावाल्याला विचारा, तोही ती आपलीच म्हणेल, आणि त्याचा दावा जुना आहे.

तमिळमध्ये 'माडम' म्हणजे उंच घर. हा शब्द थेट संगम साहित्यात सापडतो. कानडीत 'महडी' आहे. राजवाड्यातल्या मनोऱ्यालाही 'माड माळिगै' म्हणतात. मराठीत माडी दक्षिणेकडूनच चढून आली असावी, असं मला वाटतं. म्हणजे 1676च्या सुमारास शिवरायांच्या सावत्र भावाने, व्यंकोजीराजांनी, नायक राजांचा हा वाडा ताब्यात घेतला, तेव्हा त्यांच्या माणसांना आपला शब्द इथे माहेरी भेटला. (कोकणातली दुसरी माडी निराळी, माडाची. ही आपण चढतो, ती आपल्याला चढते.)

पुढे तमिळांनी माडीला कामाला लावलं. पहिला मजला 'मुदल माडी'. गच्ची 'मोट्टै माडी', म्हणजे बोडकी माडी. आणि फ्लॅटची इमारत 'अडुक्कुमाडी', एकावर एक रचलेल्या माड्या. आपण मात्र माडीला जुन्या वाड्यात आणि कोकणातल्या घरात ठेवून दिलं. फ्लॅटचा संसार थाटला तो मजल्यावर.

हा मजला मूळचा अरबी 'मंझिल'. प्रवासात उतरायचं ठिकाण, मग घर, मग घराचा एक थर. जुना अर्थ आपल्या 'मजल दरमजल'मध्ये अजून चालतोच आहे. गंमत म्हणजे इंग्रजी 'मॅन्शन'ची कूळकथा हीच. लॅटिन 'मान्सिओ' म्हणजे मुक्काम. रोमन हमरस्त्यांवर सरकारी माणसांसाठी असे मुक्काम असत. इंग्रजीत त्याचा मोठा बंगला झाला, आणि जपानमध्ये फ्लॅट.

तिथे लाकडी, भाड्याची इमारत म्हणजे 'आपाटो'. काँक्रीटच्या सदनिकांची ती 'मान्शोन'. 1962 साली अशा सदनिकांच्या मालकीचा कायदा झाला आणि बिल्डरांनी हे भारदस्त नाव गाजवलं. शहरातल्या ऐसपैस, दहा कोटी येनच्या पुढच्या फ्लॅटला तर 'ओकुशोन' म्हणतात. जपानीत 'मान' म्हणजे दहा हजार आणि 'ओकु' म्हणजे दहा कोटी. मान्शोनमधला 'मान' काढून तिथे 'ओकु' बसवला. जाहिरातवाल्यांची ही कोटी मला मनापासून आवडते.

हाच शब्द चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणीत पार खाली उतरला. तिथे 'मॅन्शन' म्हणजे नोकरीच्या शोधात आलेल्या सड्याफटिंग पोरांच्या दाटीवाटीच्या खोल्या. खरं तर मूळ अर्थाशी इमान राखलं ते त्यांनीच. मुक्कामाला आले, काम मिळालं, पुढे गेले.

माडी मात्र कुठल्या मुक्कामाची नाही. तिने मोठेपणाची बढाईही कधी मारली नाही. वर चढायचं आहे, एवढंच ती सांगते. तेव्हा बिल्डर मंडळींनो, पुढच्या इमारतीला 'हाइट्स' नाहीतर 'मॅन्शन' नाव देण्याआधी एकदा तंजावूरला जाऊन या.