एक कोटी वीस लाखांत एक

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की आज ना उद्या ज्युरी ड्यूटीचं पत्र टपालपेटीत येतंच. आपल्या मंडळातले बरेच जण ते टाळायच्या खटपटीत असतात. मला मात्र ते पत्र पाहिलं की लॉस एंजेलिसचा एक जुना खटला आठवतो.

१८ जून १९६४ रोजी तिथल्या सॅन पेड्रो भागात एका वृद्धेला ढकलून तिची पर्स पळवली गेली. सोनेरी केसांची, पोनीटेल बांधलेली मुलगी पळत जाऊन पिवळ्या गाडीत बसली. गाडी चालवणारा दाढीमिशीवाला कृष्णवर्णीय होता. या वर्णनाचं जोडपं पोलिसांना सापडलं, माल्कम आणि जेनेट कॉलिन्स. ओळख पटवणारी साक्ष लेचीपेची होती, म्हणून सरकारी वकिलांनी कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका गृहस्थांना उभं केलं. पिवळी गाडी दहांत एक, मिशी चारांत एक, पोनीटेल दहांत एक, सोनेरी केस तिघींत एक, दाढीवाला कृष्णवर्णीय दहांत एक, गाडीत असं मिश्रवर्णीय जोडपं हजारांत एक. गुणाकार? एक कोटी वीस लाखांत एक! हे सगळे आकडे वकिलांच्याच मनचे. ज्युरीने दोघांनाही दोषी ठरवलं.

आता शाळेतलं गणित आठवा. एका गोष्टीचा दुसरीशी संबंध नसेल तरच असा सरळ गुणाकार चालतो. दाढी राखून मिशी सफाचट करणारे तुमच्या ओळखीत किती आहेत? माणसाला दाढी आहे हे एकदा कळलं की मिशीची शक्यता चारांत एक राहतच नाही, खूप वाढते. पुस्तकात हिलाच सशर्त संभाव्यता म्हणतात.

१९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे दाखवलंच, पण त्याहून मोठी गफलतही उघड केली. कुठलंही एक जोडपं वर्णनाला जुळण्याची शक्यता वेगळी, आणि जुळलेलं जोडपं निर्दोष असण्याची वेगळी. वकिलांनी दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर चिकटवलं होतं. त्यांचेच आकडे खरे धरले आणि त्या परिसरात तेवढीच, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास, जोडपी मानली, तर असं एक जोडपं असताना दुसरंही असण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त निघते! निकालाला जोडलेल्या परिशिष्टात न्यायालयाने ही आकडेमोड चक्क मांडून दाखवली आहे.

माल्कमची शिक्षा रद्द झाली. जेनेटने अपीलच केलं नव्हतं.