मोहरा आणि खुर्दा

संगणकावरच्या खेळांचे मी मनातल्या मनात दोन ढीग केले आहेत. एकात राज्य चालवायचे खेळ : नकाशा, फौज, खजिना, तह. दुसऱ्यात गोष्टीचे खेळ : एखादे माणूस, त्याचे घर, त्याची एक रात्र. दोन्ही मला प्रिय आहेत. पण इतिहासाचा वाचक म्हणून मला वाटते, की या दोन ढिगांत इतिहासाकडे बघायच्या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि एकच जागा धरून बसले तर इतिहास अर्धाच दिसतो.

राज्य चालवायचे खेळ काही संगणकाबरोबर जन्मले नाहीत. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ पटावर मांडणारे चतुरंग आपल्याच देशातले. प्रशियात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने लष्करी अधिकाऱ्यांसाठी युद्धाचा खेळ नियमांत बांधला. त्यात नकाशा होता, फौजांचे ठोकळे होते, फासे होते आणि निवाडा करणारा पंच होता. शत्रू कुठे आहे, हे पंच सांगेल तेवढेच खेळणाऱ्याला कळे. १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये किंवा १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये नकाशाचा न पाहिलेला भाग काळोखात असतो, तो याच जातीचा.

या काळोखाचे माझ्यावर उपकार आहेत. पुस्तक वाचताना आपल्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून ‘त्याने असे का नाही केले?’ हा प्रश्न फार स्वस्तात विचारता येतो. खेळात खजिना रिकामा, पावसाळा तोंडावर आणि शत्रू अदृश्य असला, की निर्णय म्हणजे काय ते कळते. नदीचा उतार आणि धान्याची वाट लढाई सुरू होण्याआधीच निम्मा निकाल लावून टाकतात, हे मला या खेळांनी शिकवले.

पण हा खेळ सिंहासनावरून दिसतो, आणि तिथून बरेच काही दिसत नाही. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) हा इंग्लंडमध्ये तयार झालेला खेळ. त्यात मराठ्यांचे राज्य चालवता येते, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा काढतो. १७०० पासून सहा-सहा महिन्यांचा एक डाव. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि औरंगजेबाविरुद्धची झुंज ताराबाईंनी हाती घेतली. १७०७ मध्ये शाहू सुटून आले, घरातच वाद पेटला आणि पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले या सरदारांचे मंडळ आकाराला आले ते त्यानंतर. खेळात मात्र १७०० पासूनच ‘मराठा कॉन्फेडरसी’ असते, आणि तिचा प्रत्येक शिपाई माझ्या एका बोटाने हलतो. ज्या आपसातल्या ओढाताणीतून अठराव्या शतकातले मराठी राजकारण घडले, ती ओढाताणच त्यात नाही.

दुसरी उणीव मला अधिक बोचते. या खेळात एका सैन्यात जास्तीत जास्त वीस तुकड्या असतात. तुकड्यांमागे चालणारे कोणी नाही. आपल्या भाषेत त्यांना शब्द आहे : बाजारबुणगे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये गावकरी आहेत, पण एका गावकऱ्याची किंमत पन्नास एकक अन्न, आणि तो पंचवीस सेकंदांत तयार होतो. लोकसंख्येची नेहमीची मर्यादा दोनशेची. ती भरली, की मुरलेले खेळाडू डिलीटचे बटण दाबून स्वतःचेच गावकरी मारतात आणि सैनिकांसाठी जागा करतात. मीही करतो. खेळाच्या हिशेबात ती उत्तम चाल असते.

म्हणूनच गोष्टीच्या खेळांत मला ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) सर्वांत वरचा वाटतो. वॉर्सातल्या ११ बिट स्टुडिओजने तो केला. १९९२ ते १९९६ या काळातल्या सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला, जरी त्यातले शहर काल्पनिक आहे. तुमच्याकडे फौज नाही. पडक्या घरात आसरा घेतलेली दोन-चार माणसे आहेत : कोणी फुटबॉलपटू, कोणी आचारी, कोणी बातमीदार. दिवसा लपून मारणाऱ्या बंदूकधाऱ्यांमुळे बाहेर पडता येत नाही; रात्री एकाने जाऊन अन्न, औषध, सरपण शोधायचे. एका घरात एक म्हातारे जोडपे राहते. त्यांना लुटता येते, ते प्रतिकार करू शकत नाहीत. पण लूट घेऊन परतलेले माणूस खचते. युद्ध कधी संपणार, ते कोणी सांगत नाही. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा खेळ शाळांच्या शिफारसयादीत घेत असल्याचे जाहीर केले, याचे मला नवल वाटले नाही.

हे सगळे मला पानिपताकडे नेते. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची वाट तुटली, छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेब बाहेर पडले, ते उपाशी फौज घेऊन. मागे बायकापोरे, यात्रेकरू, व्यापारी, कारागीर यांचा मोठा लोंढा होता. परंपरा सांगते, की पराभवाची बातमी पेशव्यांना सावकारी पत्रातून सांकेतिक भाषेत कळली. त्यात दोन मोत्यांचा उल्लेख होता, म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरांचा आकडा होता, म्हणजे मोठे सरदार. आणि खुर्द्याची मोजदाद नव्हती.

आजही आपण पानिपतावर वाद घालतो तो मोत्यांचा आणि मोहरांचा. चूक भाऊंची की होळकरांची, गिलच्यांशी गनिमी काव्याने लढायला हवे होते की तोफांनी. हा राज्य चालवणाऱ्या खेळाडूचा वाद आहे, आणि तो जरूर व्हावा. पण हरियाणातला रोड मराठा समाज आपले मूळ त्या लढाईनंतर तिकडेच राहिलेल्या माणसांत सांगतो. त्यांच्या या आठवणीला आपल्या वादात जागा नाही, कारण ती खुर्द्यातली आहे.

मला खेळायचा आहे असा एक खेळ अजून कोणी केलेला नाही. त्यात १७६० चा डिसेंबर असावा, पानिपतची छावणी असावी, आणि मी सेनापती नसावे. बैलांना चारा नसलेला एखादा वाणी, किंवा देवदर्शनाला म्हणून फौजेबरोबर निघालेली एखादी बाई असावे. नकाशा मिळू नये. रोज सकाळी फक्त एवढेच ठरवायचे असावे, की आज उरलेले मूठभर धान्य कोणाला द्यायचे.