म्हसळ्याचा हापूस मोबाईलवरून थेट ग्राहकाला : नियोजन आणि काळजी

म्हसळा, श्रीवर्धन भागातील लहान आंबा बागायतदारापुढे विक्रीचे नेहमीचे दोन मार्ग असतात : बाग व्यापाऱ्याला कराराने देणे किंवा पेट्या वाशीच्या बाजार समितीत पाठवणे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागल्यावर कोकणातील अनेक बागायतदारांनी व्हॉट्सॲपवर नोंदणी घेऊन मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या. हा तिसरा मार्ग आता रुळला आहे. मात्र व्हिडिओ पाहून पहिली पेटी विकली जाते. पुढच्या वर्षीची पेटी फळच विकते.

नाव आपलेच वापरावे

जास्त दराच्या मोहाने म्हसळ्याच्या पेटीवर ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ लिहू नये. हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर यांच्यासोबत रायगड जिल्हाही आहे. खोट्या नावाने विक्री करणे 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार शिक्षेस पात्र आहे. मानांकनाचे चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी.

कोणते माध्यम कशासाठी?

- व्हॉट्सॲप बिझनेस : प्रत्यक्ष विक्रीसाठी. कॅटलॉगमध्ये फळाचे वजन, डझन आणि दर लिहावा. ब्रॉडकास्ट यादीतील संदेश, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत नंबराची चिठ्ठी ठेवावी.
- इन्स्टाग्राम, फेसबुक : नवीन ग्राहकांच्या ओळखीसाठी.
- गुगल मॅप : दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे जाणाऱ्या पर्यटकांना बाग सापडावी यासाठी.

ट्रेंडसाठी काढणी लवकर करू नये

‘हंगामातील पहिली पेटी’ हा व्हिडिओ दरवर्षी चालतो. त्या घाईत कोवळी फळे काढली जातात. ती सुरकुततात आणि गोडी धरत नाहीत. काढणी 80 ते 85 टक्के पक्वतेला, सकाळी किंवा संध्याकाळी, नूतन झेल्याने देठासह करावी. कोवळे फळ पाण्यात तरंगते, तयार फळ बुडते. ही चाचणी व्हिडिओत दाखवली तर ग्राहकाचा विश्वास बसतो.

हंगामानुसार काय दाखवावे?

1. मोहोर : बागेची ओळख, फवारणीची नोंदवही.
2. फळधारणा : बाग किती, पेट्या साधारण किती निघतील.
3. काढणी : झेला, प्रतवारी, अढी लावणे.
4. पावसाळ्यापूर्वी : आंबापोळी, कोकम आगळ.

चित्रीकरण आपल्याच बागेतील असावे. फवारणी केली असेल तर ‘सेंद्रिय’ किंवा ‘रसायनमुक्त’ लिहू नये.

नोंदणी किती घ्यावी?

शंभर पेट्यांचा अंदाज असेल तर आगाऊ नोंदणी साठ-सत्तर पेट्यांचीच घ्यावी. उष्णता, अवकाळी पाऊस, फुलकिडे यांमुळे अंदाज चुकतो. कमी पडलेल्या पेट्या बाहेरून आणून भरल्या की मेहनतीने मिळवलेले नाव जाते. उशीर होणार असेल तर ग्राहकाने विचारण्यापूर्वी कळवावे. दर ठरवताना खोका, माणगावपर्यंतची गाडी, पुढील वाहतूक आणि खराब फळांची भरपाई धरावी.

साक्याची तक्रार

हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही. जास्त पक्व झालेल्या आणि उन्हात तापलेल्या फळांत त्याचे प्रमाण वाढते. काढलेली फळे तापलेल्या जमिनीवर ठेवू नयेत, लगेच सावलीत हलवावीत. ‘फळ कापल्यावर साका निघाल्यास फोटो पाठवा, भरपाई देऊ’ हे नोंदणीच्या वेळीच लिहावे. नाराज ग्राहकाची प्रतिक्रिया पुसू नये; तिथेच उत्तर द्यावे.

हे लक्षात ठेवा

- कॅल्शियम कार्बाईडने फळे पिकवण्यास बंदी आहे. भाताच्या पेंढ्यात अढी लावावी किंवा मान्य मर्यादेत इथिलीन वायू वापरावा.
- आंबापोळी, आगळ यांसारखे प्रक्रिया पदार्थ विकण्यासाठी एफएसएसएआय नोंदणी आवश्यक आहे.
- पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन किंवा ओटीपी लागत नाही. तो मागणारा ‘ग्राहक’ फसवणारा समजावा.
- ग्राहकाचे नाव, पेट्या आणि तक्रार वहीत लिहावी. पुढच्या हंगामात पहिला संदेश यांनाच पाठवावा.

पहिल्या वर्षी सगळा माल ऑनलाइन विकण्याचा हट्ट धरू नये. थोड्या पेट्यांपासून सुरुवात करावी, उरलेला माल नेहमीच्या मार्गाने विकावा आणि परत येणारे ग्राहक मोजून पुढच्या वर्षीचा वाटा वाढवावा.