नळीवरची माशी, माशीवरचा काजवा

पिस्तुलाच्या पुढच्या टोकाशी एक इवला उंचवटा असतो. मराठीत त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून पाहताना ही माशी बरोबर मधोमध दिसली की नेम बसला. रात्री चमकणारी साईट घ्यायची म्हणजे मुख्यतः ही माशी बदलायची.

रशियन शब्दकोशात भलतंच काही शोधताना ‘मुश्का’ या शब्दावर माझी नजर अडली. अर्थ दोन: छोटी माशी, आणि बंदुकीची पुढची साईट. कुणाला ‘मुश्कावर घेणं’ म्हणजे त्याच्यावर नेम धरणं. मग मी थांबलोच नाही. पोलिश आणि चेक भाषांतही माशीच. फारसीत ‘मगसक’, म्हणजे पुन्हा इवली माशी. हिंदी-उर्दूत मक्खी. पण जर्मन माणूस त्याच उंचवट्याला ‘कोर्न’ म्हणतो, म्हणजे दाणा. डच आणि स्वीडिशही दाणाच म्हणतात. तुर्कांचा ‘अर्पाजिक’ तर चक्क जवाचा दाणा! एका धातूच्या ठिपक्यात कुणाला धान्य दिसलं, कुणाला माशी.

मराठी माशी मुळात माशी नसून ‘माष’, म्हणजे उडदाचा दाणा, असा तर्क कुणी लढवू शकेल. आकार जुळतो, उच्चारही जवळचा, आणि मग आपणही दाणेवाल्यांच्या पंगतीत बसतो. मला हा तर्क क्षणभर फार आवडला होता. पण हिंदीतली मक्खी तो मोडून काढते. मक्खी माषातून निघूच शकत नाही. मक्खी आणि माशी दोघींची आई एकच, संस्कृत मक्षिका.

दुसरा दावा ‘मस्केट’चा. या बंदुकीचं नाव इटालियन ‘मोस्केत्तो’वरून आलं आणि त्याच्या मुळाशी ‘मोस्का’, म्हणजे माशीच आहे. काही जण मोस्केत्तो म्हणजे आडव्या धनुष्याचा बाण मानतात, काही जण छोटा ससाणा. तोफा-बंदुकांना शिकारी पक्ष्यांची नावं देण्याची तेव्हा रीतच होती. पण मस्केटवरची माशी साईटवर येऊन बसली असं म्हणावं, तर इटालियन लोक साईटला ‘मिरीनो’ म्हणतात. घरच्याच भाषेत माशी नाही. पोर्तुगीजांनीही आपल्याकडे बंदुका आणल्या, पण त्यांच्या ‘मीरा’तही माशी नाही. म्हणून माझा कौल फारसीला. सैन्याच्या बोलीतून शब्द हिंदुस्थानीत उतरला, आणि मराठी शिपायाने उसना न घेता त्याचं सरळ भाषांतर केलं. रशियन, पोलिश, चेक अशा स्लाव लोकांना मात्र ही माशी स्वतंत्रपणे दिसली असणार. नळीवर बसलेली माशी पाहायला कुणाची शिकवण लागत नाही.

अंधारात ही माशी हरवते. शिकारी नळीच्या टोकाला कापूस किंवा पांढरा कागद बांधत. पहिल्या महायुद्धात तिथे रेडियमचा लेप आला. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, पण त्याच्या माऱ्याने लेपातलं चमकणारं झिंक सल्फाइड काही वर्षांतच निकामी होई. १९३४ साली केंब्रिजमध्ये रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी ट्रिशियम, म्हणजे हायड्रोजनचं जड, किरणोत्सारी भावंड, शोधलं. आज ते आतून फॉस्फरचा, म्हणजे चमकणाऱ्या पदार्थाचा, लेप लावलेल्या काचेच्या बारीक नळीत कोंडतात. त्याचे इलेक्ट्रॉन इतके दुबळे की काच ओलांडत नाहीत, फक्त लेप उजळवतात. बॅटरी नको, ऊन नको. माशीचा काजवा झाला.

निवडताना हिरवा घ्या. अंधाराला सरावलेला डोळा निळ्या-हिरव्याकडे सर्वांत संवेदनशील असतो. पुढची माशी मागच्या ठिपक्यांपेक्षा ठळक हवी, नाहीतर अंधारात तीन सारखे ठिपके दिसतात आणि मधला कोणता तेच कळत नाही. माशी उंच झाली की गोळी खाली लागते, म्हणून जोडी एकत्रच घ्यावी. बसवण्याआधी शस्त्र रिकामं असल्याची दोनदा खात्री करून घ्या. मागची साईट खाचेत हातोडीने ठोकू नका, काचेची नळी तडकेल. स्क्रूने हळूहळू ढकलणारं अवजार मिळतं, ते वापरा. आणि दुकानातून उठण्यापूर्वी नळी कोणत्या वर्षी भरली ते विचारा, कारण ट्रिशियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं.