डोळ्यातील परका कण

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविणारी म्हण आपण सारेच वापरतो. परंतु एखादा कण खरोखरीच बुबुळ भेदून आत गेला तर काय होते, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

१६२४ साली बर्न येथे एका रोग्याच्या बुबुळात पोलादाचा कण रुतला. शस्त्रवैद्य फाब्री यांची हत्यारे चालेनात. तेव्हा त्यांच्या पत्नी मारी कोलिने यांनी लोहचुंबकाची युक्ती सुचविली व कण निघाला. पुढे कारखाने वाढले. छिन्नी-हातोड्याचे तुकडे डोळ्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचू लागले. १८७९ साली बर्लिनच्या हिर्शबर्ग यांनी त्यासाठी विद्युत्चुंबक योजला. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि न दिसणारे कण दिसू लागले. घाई करण्याचे कारण असे की, आत राहिलेले लोखंड हळूहळू विरघळते आणि त्याच्या गंजाने दृष्टिपटल निकामी होते. तांबे तर चुंबकालाही दाद देत नाही.

मग १५ ऑगस्ट १९४० चा दिवस उजाडला. इंग्लंडच्या आकाशात वैमानिक क्लीव्हर यांच्या विमानाचे पर्स्पेक्सचे छत फुटले व त्याच्या ठिकऱ्या त्यांच्या दोन्ही डोळ्यांत घुसल्या. एक डोळा गेला. अशा जखमी वैमानिकांना पाहताना डॉ. हॅरल्ड रिडली यांना आढळले की, धारदार कडा टोचत नसेल, तर पर्स्पेक्सचा तुकडा आत असूनही डोळा शांत राहतो! त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर रोग्याच्या नशिबी जाड भिंगांचा चष्मा येई. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी पर्स्पेक्सचेच भिंग डोळ्यात बसविले. परका पदार्थ काढण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या नेत्रवैद्यांनी त्यांना कडाडून विरोध केला. आज मात्र तीच शस्त्रक्रिया गावोगाव होते. खुद्द क्लीव्हर यांच्या उरलेल्या डोळ्यातही १९८७ साली असेच भिंग बसले.

तात्पर्य, परका म्हणून डोळा कोणाला झिडकारीत नाही. तो आत येऊन काय करतो, हे पाहतो. मात्र हा निवाडा आपण घरी करू नये. लोखंड ठोकताना डोळ्याला काही लागले, तर दुखत नसले तरी चोळू नये, रुतलेले ओढू नये; डोळ्यावर दाब न देता तो झाकावा आणि तडक नेत्रवैद्य गाठावा.